न दिसणारी रांग

बालदोस्तांनो, तिकिटाच्या रांगेत कधी उभे राहिलात? एसटीच्या, सर्कशीच्या, नाहीतर सिनेमाच्या? तिथे आपल्यापुढे किती माणसं आहेत ते दिसतं. मध्येच कुणी घुसलं तर आपण ओरडतोही! पण घरबसल्या मोबाइलवर रांग लावायची म्हटलं तर?

२०२३ सालची गोष्ट. क्रिकेटच्या विश्वचषकातले पाच सामने पुण्याजवळच्या गहुंजे स्टेडियमवर होते. त्यात भारताचा एकच, १९ ऑक्टोबरला, बांगलादेशाशी. माझी बहीण सणसवाडीला राहते. मेहुणे तिथल्याच कारखान्यात आहेत. सणसवाडी पुण्याच्या पूर्वेला नगर रस्त्यावर, तर गहुंजे पार पश्चिमेला, मुंबईच्या वाटेवर. पण सातवीतल्या भाच्याला अंतराचं काय! विक्री ३१ ऑगस्टला, राखीपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, रात्री आठ वाजता होती. हा पठ्ठ्या साडेसातपासूनच आईचा मोबाइल घेऊन बसला.

आठ वाजले. पडद्यावर अक्षरं आली : थांबा, तुम्ही रांगेत आहात. जेवण झालं, भांडी झाली, रांग काही सरेना. शेवटी कळलं, तिकिटं संपली. बिचाऱ्याच्या डोळ्यांत पाणीच आलं.

असं का झालं? स्टेडियममध्ये माणसं मावतात सुमारे सदतीस हजार. आणि तिकिटांवर डोळा सगळ्या देशाचा! सगळे एकदम आत शिरले तर संकेतस्थळच बंद पडेल. म्हणून थोड्या थोड्या लोकांना आत सोडतात. आत गेल्यावर निवडलेली जागा काही मिनिटं आपल्यासाठी धरून ठेवतात. तेवढ्यात पैसे भरले नाहीत, तर ती दुसऱ्याला मिळते.

खरी गंमत पुढेच आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी मोबाइलवर एका अनोळखी माणसाचा निरोप आला. 'दोन तिकिटं आहेत. चार हजार रुपये. अर्धे आत्ताच पाठवा, नाहीतर दुसऱ्याला देतो.' सोबत तिकिटाचा फोटो! भाचा पळत ताईकडे गेला. ती दहावीत. तिनं ओवाळणीचे आणि बक्षिसाचे पैसे साठवून ठेवले होते.

"ताई, दे ना गं! दिवाळीपर्यंत फेडतो!"

ताईनं आधी नियम वाचले. या स्पर्धेला मोबाइलवरचं तिकीट चालणार नव्हतं, छापील तिकीटच हवं होतं.

"अरे वेड्या, विक्री झाली काल रात्री. मग आज सकाळीच छापील तिकीट याच्या हातात आलं कुठून?"

"तुला पैसे द्यायचेच नाहीयेत!" भाचा रुसला. दुपारी जेवलाही नाही. संध्याकाळी ताईनं त्या नंबरवर फोन लावून मोबाइल त्याच्या कानाला धरला. फोन बंद! मग मात्र स्वारी गुपचूप पानावर येऊन बसली.

भारताचा सामना त्यांनी घरी टीव्हीवरच पाहिला. कोहलीनं षटकार मारून शतकही पुरं केलं आणि सामनाही जिंकून दिला. आणि गहुंजे? तेही पाहिलं बरं का! ताईनंच सुचवलं, "भारताचाच सामना कशाला हवा?" ११ नोव्हेंबरच्या ऑस्ट्रेलिया–बांगलादेश सामन्याची तिकिटं आईनं अधिकृत विक्रीतूनच काढली. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी, शाळेला सुट्टी, आणि समोर मिचेल मार्शच्या नाबाद १७७ धावा! "मामा, घसा बसला ओरडून," असं भाचा मला सांगत होता.

तेव्हा दोस्तांनो, एवढं लक्षात ठेवा. तिकीट अधिकृत ठिकाणीच घ्यायचं, आणि आई-बाबांना शेजारी बसवून. जो 'आत्ताच, लगेच' म्हणतो, त्याच्याबाबत जास्त सावध राहायचं. मोबाइलवरचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही. आणि चुकून फसलात, तर माराच्या भीतीनं लपवू नका. घरी लगेच सांगा आणि १९३० या नंबरवर तक्रार करा.

पालकहो, तुम्हालाही एक विनंती. मूल असं सांगायला आलं, तर आधी ऐकून घ्या. रागवायचं ते नंतर!

तुमचा,
मामा