कुशीतील कळ



गेल्या हिवाळ्यात माझ्या धाकट्या बहिणीची नात शिरोळ तालुक्यातून काही आठवडे आमच्याकडे कोल्हापुरात राहावयास आली होती. पोलीस शिपाई भरतीची मैदानी चाचणी तिच्यासमोर होती. या चाचणीत मुलांना १६०० मीटर, तर मुलींना ८०० मीटर धावावे लागते आणि वेळेनुसार गुण मिळतात. ४०० मीटरच्या धावपट्टीवर मुलींच्या वाट्याला दोनच फेऱ्या येतात. परंतु काही सेकंदांच्या विलंबाने गुण हातचे जातात आणि त्यांबरोबर कदाचित वर्षभराचे कष्टही.

एके दिवशी सायंकाळी ती सरावाहून लवकर परतली. चेहरा उतरलेला होता. म्हणाली, "आजोबा, दुसऱ्या फेरीला उजव्या बरगडीखाली सुरी खुपसल्यासारखं होतं. चार दिवस हेच चाललंय. माझ्या पोटात काही बिघाड तर नसेल ना?"

मी वैद्य नव्हे; उभी हयात बँकेत गेली. मात्र हिशेब जुळेना की आधीच्या नोंदी पाहाव्यात, ही सवय अंगी मुरलेली आहे. म्हणून विचारले, "बाळ, जेवतेस किती वाजता?" उत्तरातच कारण सापडले. घरच्या संस्कारानुसार ती सूर्यास्तानंतर जेवत नाही. डिसेंबरात आपल्याकडे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. त्यामुळे सव्वापाचला भाकरी, आमटी, भात असे पोटभर जेवण करायचे, 'शक्ती यावी' म्हणून वर बाटलीतला गोड आंब्याचा रस घ्यायचा आणि सहा वाजता मैदानात उतरायचे, असा तिचा क्रम होता.

धावताना कुशीत येणारी ही कळ फार जुनी आहे. शेक्सपिअरच्या 'द टेम्पेस्ट' या नाटकातही तिचा उल्लेख सापडतो. मॉर्टन आणि कॅलिस्टर या ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २००० साली सहा क्रीडाप्रकारांतील खेळाडूंची पाहणी प्रसिद्ध केली. मागील वर्षभरात ही कळ अनुभवणाऱ्यांचे प्रमाण धावपटूंत ६९ टक्के, पोहणाऱ्यांत ७५ टक्के, घोडेस्वारांत ६२ टक्के आणि सायकलस्वारांत ३२ टक्के आढळले. म्हणजे आमच्या नातीला झाले ते जगावेगळे नव्हते. ही कळ तरुण वयात अधिक आढळते आणि वय वाढते तशी कमी होते.

तिचे नेमके कारण अद्याप निर्विवाद सिद्ध झालेले नाही. श्वासपटलाला, म्हणजे छाती आणि पोट यांमधील स्नायूच्या पडद्याला, रक्त कमी पडते असे पूर्वी मानीत. परंतु घोडेस्वाराला फारशी धाप लागत नसतानाही कळ येते. पोटातील अवयवांना आधार देणारे बंध हिसक्यांनी ताणले जातात, असे दुसरे मत. पण पाण्यात हिसके कोठून येणार? आज अनेक अभ्यासकांचा कल तिसऱ्या मताकडे आहे. पोटाच्या पोकळीला आतून उदरावरण नावाचे पातळ अस्तर असते. त्याच्या दोन थरांमध्ये वंगणासारखा थोडा द्रव असतो. भरलेले जठर या अस्तरावर दाबले गेले किंवा हा द्रव कमी झाला, की घर्षण होऊन अस्तर दुखावते. काहींना कळेबरोबर खांद्याच्या टोकाशीही दुखते. तेही या मताने उलगडते, कारण श्वासपटलालगतच्या अस्तराची वेदना खांद्यापाशी जाणवू शकते.

यावरून उपाय सहज सुचतात. पोटभर जेवण आणि धावणे यांत किमान दोन तास जाऊ द्यावेत. काहींना तीन-चार तासही लागतात. धावण्यापूर्वी अति गोड पेये टाळावीत. आपल्याकडचा उसाच्या रसाचा मोठा ग्लासही मी याच यादीत घालीन. पाणी एकदम ढोसू नये, थोडे थोडे प्यावे. रात्री पाणीही न घेणाऱ्यांनी दिवसभरात ते पुरेसे प्यायलेले असावे. प्रारंभी सावकाश धावून मग वेग वाढवावा. पाठीचा कणा ताठ ठेवावा आणि पोटाचे स्नायू बळकट करणारे व्यायाम नियमित करावेत.

धावताना कळ आलीच तर वेग कमी करावा, दुखऱ्या जागी बोटांनी दाब द्यावा, किंचित पुढे वाकावे आणि दीर्घ श्वास घेऊन ओठांचा चंबू करून सावकाश सोडावा. बहुधा काही मिनिटांत ती ओसरते. जागा थोडी हुळहुळी राहिली तरी घाबरू नये.

आमच्या नातीने नियम मोडला नाही, वेळ तेवढी बदलली. दुपारचे जेवण बाराला, सराव साडेचारला आणि सायंकाळचे जेवण सरावानंतर, सूर्यास्तापूर्वी. गोड रस बंद केला. आठवडाभरात दोन्ही फेऱ्या विनाकळ पूर्ण होऊ लागल्या. व्रत आणि व्यायाम यांचे भांडण नव्हतेच. भांडण होते ते वेळापत्रकाचे.

आता माझ्या वयाच्या वाचकांसाठी एक गोष्ट, जी सांगताना थोडा संकोच वाटतो. दोन वर्षांपूर्वी जोतिबाच्या डोंगराच्या पायऱ्या चढताना माझ्या छातीच्या खालच्या भागात आवळल्यासारखे झाले. थांबलो की थांबे, चढू लागलो की पुन्हा सुरू होई. लहानपणी शाळेच्या मैदानावर येणारी तीच कळ समजून मी तीन आठवडे घरात कोणास बोललो नाही. अखेर पत्नीच्या आग्रहाने तपासणी केली, तेव्हा हृदयाची एक रक्तवाहिनी बरीच अरुंद झालेली निघाली. वेळीच उपचार झाले, म्हणून आज हे लिहितो आहे.

विश्रांतीने थांबते ते निरुपद्रवी, हा माझा समज चुकीचा होता. हृदयाची वेदनाही विश्रांतीने थांबू शकते. म्हणून चाळिशी उलटलेल्यांनी श्रमाबरोबर छातीत किंवा पोटाच्या वरच्या भागात नव्याने येणाऱ्या वेदनेला स्वतःच नाव देऊ नये. प्रथम डॉक्टरांना दाखवावे. दाब छातीच्या मध्यभागी असेल, वेदना जबडा, खांदा वा हातात उतरत असेल, घाम सुटत असेल, श्वास कोंडत असेल, किंवा थांबूनही ती शमत नसेल, तर १०८ क्रमांकावर दूरध्वनी करून तत्काळ रुग्णालय गाठावे.

रंकाळ्यावर रोज सकाळी तरुण धावतात आणि आम्ही ज्येष्ठ चालतो. तरुणाने कुशीतल्या कळेने खचू नये आणि ज्येष्ठाने छातीतली कळ लपवू नये, एवढीच विनंती.