जुन्या रेकॉर्डींवरची धूळ : कमी खर्चात, पण जपून

मैत्रिणींनो, दिवाळीच्या आधीची साफसफाई म्हणजे आपल्या अंगात वारंच शिरतं, नाही का? माळा उघडायचा, ट्रंका ओढायच्या, जे दिसेल ते पुसायचं. या पुसण्याच्या धांदलीत माझ्या हातून एक चूक झाली. ती भरून येणारी नव्हती. तुमच्या हातून तशी होऊ नये म्हणून आजचा हा लेख.

आम्ही निगडी प्राधिकरणातलं जुनं घर सोडून मोशीला फ्लॅटमध्ये आलो. सामान हलवताना सासूबाईंची एक पत्र्याची ट्रंक आली. तिच्यात एकतीस रेकॉर्डी! बऱ्याचशा सासऱ्यांनी घेतलेल्या. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली आणि पिंपरी-चिंचवडला कारखान्यांमागून कारखाने उभे राहिले. त्या दिवसांत पिंपरीच्या एका कंपनीत ते लागले. बोनस झाला की घरात एखादी नवी रेकॉर्ड यायची, असं सासूबाई सांगतात. पण तीन तबकड्या त्याहून जुन्या. त्या सासूबाईंच्या माहेरच्या, चाकणच्या. कांद्याला बरा भाव मिळाला त्या वर्षी त्यांच्या वडिलांनी चावीचा फोनो घेतला होता. लेकीला सासरी पाठवताना त्यांनी तीन रेकॉर्डी बरोबर दिल्या.

आणि धूळ म्हणाल तर बोटभर! चाकणच्या रस्त्याने दिवसरात्र ट्रक चालतात, आजूबाजूला नव्या इमारतींची बांधकामं. आमच्याकडे सकाळी पुसलेलं टेबल संध्याकाळी पांढरं होतं. मी काय केलं, औषधाच्या डब्यातलं स्पिरिट घेतलं, कापसाच्या बोळ्यावर ओतलं आणि वरचीच रेकॉर्ड घसाघसा पुसली. बोळा काळा झाला. मला वाटलं, वा, काय मळ निघाला! दोन मिनिटांनी पाहते तर तबकडीची चकाकी गेलेली, वर राखाडी धुरकट पट्टे. तो मळ नव्हता, रेकॉर्डच निघाली होती. आणि ती नेमकी त्या तिघींपैकी एक, बालगंधर्वांच्या नाट्यगीताची.

सासूबाई बोलल्या काहीच नाहीत. "राहू दे गं, जुनीच होती," एवढंच म्हणाल्या. त्या रात्री मात्र अर्धी पोळी खाऊन उठल्या. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी ती रेकॉर्ड घेऊन पिंपरी कॅम्पात रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका जुन्या काकांकडे गेले. त्यांनी ती हातात घेतली आणि मलाच विचारलं, "ताई, लाखेच्या बांगडीवर स्पिरिट ओताल का तुम्ही?"

आधी रेकॉर्ड ओळखा

तर पहिला धडा हा. सगळ्या काळ्या तबकड्या एका जातीच्या नसतात. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या रेकॉर्डी लाखेच्या असतात. तीच लाख, जी पळस, बोर, कुसुम अशा झाडांवरच्या किड्यांपासून मिळते आणि जिच्या बांगड्या होतात. तिच्यात दगडाची बारीक पूड मिसळून या तबकड्या बनवत. आपला सुतार चपडा लाख कशात विरघळवून पॉलिश करतो, आठवा बरं. स्पिरिटमध्येच! म्हणजे मी पुसत नव्हते, रेकॉर्ड विरघळवत होते.

१९४८ साली अमेरिकेत लाँग प्लेइंग रेकॉर्ड बाजारात आली, ती व्हिनाइलची, म्हणजे एक प्रकारच्या प्लास्टिकची. आपल्याकडे मात्र साठच्या दशकातही लाखेच्या रेकॉर्डी निघत होत्या. त्यामुळे एकाच ट्रंकेत दोन्ही सापडतात. ओळखायच्या कशा?

लाखेची रेकॉर्ड हाताला जड आणि ताठ लागते, पडली तर काचेसारखी फुटते. बहुधा १० इंची असते आणि एका बाजूला साधारण तीन-साडेतीन मिनिटांचं एकच गाणं. लेबलवर ७८ हा आकडा असला की प्रश्नच नाही. व्हिनाइलची तबकडी हलकी, जराशी लवते. १२ इंची एल. पी. वर ३३⅓ आणि ७ इंची छोट्या रेकॉर्डीवर बहुधा ४५ असा आकडा असतो. शंका आली तर ती लाखेचीच समजा, म्हणजे चूक होणार नाही.

सामान काय लागेल?

महागडी यंत्रं आणि परदेशी बाटल्या लागत नाहीत. मला सगळा मिळून दोनशे रुपयांच्या आतच खर्च आला.

१. डिस्टिल्ड वॉटरची एक लिटरची बाटली. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतो ना, तेच. गॅरेजमध्ये किंवा बॅटरीच्या दुकानात मिळतं. मागताना नीट सांगा आणि बाटलीवरचं नाव वाचा. चुकून बॅटरीचं ॲसिड आणू नका!

२. भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब. पावडर किंवा साबणाची वडी नको.

३. मऊ, धागे न सुटणारी तीन फडकी. चष्मा पुसायला मिळतं तसलं मायक्रोफायबरचं कापड उत्तम. जुन्या सुती साडीचं मऊ फडकंही कोरडं करायला चालेल, पण त्याचे धागे आणि जर-काठ आधी कापून टाका.

४. मऊ केसांचा रुंद ब्रश, नवा कोरा. दात घासायचा ब्रश नको, त्याचे केस टणक असतात.

५. एक जाड टॉवेल, आणि लेबल झाकायला साधारण १० सें.मी. रुंदीचं प्लास्टिकच्या डब्याचं झाकण.

आता तुम्ही म्हणाल, नळाला पाणी असताना विकतचं कशाला? बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्याने बादलीवर पांढरे डाग पडतात ते पाहिलेत ना? ते क्षार आहेत. पाणी वाळलं की ते रेकॉर्डीच्या रेघांत तसेच बसतात. आरओचं पाणी पहिल्या हाताला चालेल, शेवटचा हात मात्र डिस्टिल्डचाच.

व्हिनाइलची रेकॉर्ड अशी धुवा

एल. पी. च्या एका बाजूची रेघ सरळ उलगडली तर चारशे मीटरच्या वर भरेल, आणि तिची रुंदी जेमतेम आपल्या केसाएवढी. इतक्या बारीक वाटेत धूळ बसलेली असते. त्यात रस्त्याची कच आणि सिमेंटही असतं. कोरड्या फडक्याने जोर लावून पुसलं की तीच कच रेकॉर्डीवर ओरखडे काढते. शिवाय कोरडं घासलं की प्लास्टिकमध्ये वीज भरते आणि ते उलट आणखी धूळ ओढून घेतं. म्हणून घाई नको.

पंखा बंद करा. हात धुऊन पूर्ण कोरडे करा, तेलकट हात नकोत. टेबलावर टॉवेल पसरा. रेकॉर्ड धरायची ती कडेने, रेघांना बोट लावू नका.

आधी ब्रशने हलक्या हाताने वरची धूळ काढा. ब्रश फिरवायचा तो रेघांच्या दिशेने, गोल गोल. आडवा कधीच नाही.

अर्धा लिटर डिस्टिल्ड पाण्यात लिक्विडचे दोन-तीन थेंब घाला. लेबलवर झाकण दाबून धरा. लेबल कागदाचं असतं, भिजलं की रंग जातो. फडकं पाण्यात बुडवून पिळून घ्या आणि गोल दिशेने तीन-चार वेळा फिरवा. बोटांचे तेलकट ठसे असतील तिथे ओलं फडकं अर्धा मिनिट नुसतं टेकवून ठेवा, मग पुसा. जोर लावायचा नाही.

आता दुसरं फडकं नुसत्या डिस्टिल्ड पाण्यात पिळून दोनदा फिरवा. साबण राहून गेला तर तो रेघांत वाळतो, सुईला चिकटतो आणि गाण्यात खरखर येते. भांड्याला साबण राहिला तर आपल्याला चालतो का? तसंच हे.

शेवटी कोरड्या फडक्याने टिपून घ्या. मग रेकॉर्ड ठेवायची कुठे? आपल्या ताटाळ्यात! तारांवर स्वच्छ फडकं टाका आणि रेकॉर्डी ताटांसारख्या उभ्या करा. सावलीत तासभर ठेवल्या की वाळतात. ऊन नको, केस वाळवायचं यंत्र तर मुळीच नको. उष्णतेने तबकडी वाकते आणि वाकलेली घरच्या घरी सरळ होत नाही.

लाखेची रेकॉर्ड असेल तर

स्पिरिट नाही, सेंट नाही, नेलपॉलिश काढायचं औषध नाही, हात स्वच्छ करायचं सॅनिटायझरही नाही. आधी ब्रश फिरवा. मग त्याच साबणाच्या पाण्यात फडकं अगदी घट्ट पिळून, जेमतेम ओलसर करून एकदा-दोनदा फिरवा. नुसत्या डिस्टिल्ड पाण्याच्या ओलसर फडक्याने पुसा आणि लगेच कोरडी करा. पाण्यात बुडवून ठेवू नका. तडा गेलेली असेल तर पाणी लावूच नका, ब्रशवर भागवा.

आणखी एक. कोणी सांगेल खोबरेल लावा, चकाकी येते. कोणी सांगेल पांढरा गोंद ओता आणि वाळला की सोलून काढा. यांच्या नादी लागू नका. तेलावर धूळ चिकटते, आणि गोंदाबरोबर लाखेचा पापुद्रा निघायची भीती असते. रेकॉर्ड चकचकीत दिसणं म्हणजे स्वच्छ असणं नव्हे.

बुरशी आणि पावसाळा

पांढरे-करडे ठिपके दिसले तर ती बहुधा बुरशी. नाकाला रुमाल बांधून अशी रेकॉर्ड बाल्कनीत काढा आणि वरच्याच पद्धतीने पुसा. आतली कागदी पिशवी मात्र टाकून द्या, नाहीतर बुरशी परत येईल. नवी पिशवी साध्या कोऱ्या कागदाची घरी शिवता येते. वर्तमानपत्र नको, त्याची शाई लागते. बाहेरचं चित्राचं पाकीट फेकू नका, कोरड्या फडक्याने पुसा.

रेकॉर्डी पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा. एकावर एक थप्पी लावली की खालच्या दबतात. फ्रिजवर, खिडकीच्या उन्हात किंवा गॅसजवळ ठेवू नका. बूट-पर्सच्या खोक्यात येणाऱ्या त्या छोट्या पुड्या, ओल शोषणाऱ्या, जपून ठेवा. ट्रंकेत त्या टाका. डांबरगोळ्या मात्र नकोत, त्यांच्या वाफेने प्लास्टिक बिघडू शकतं.

सुईकडेही बघा

रेकॉर्ड धुतली आणि सुई मळकी राहिली तर काय उपयोग? मऊ ब्रशने सुई मागून पुढे एकदा हलकेच झाडा, बोट लावू नका. लाखेच्या रेकॉर्डीची रेघ रुंद असते, तिला वेगळी सुई लागते. काही जुन्या प्लेयरमध्ये छोटी दांडी फिरवून सुई बदलता येते. चावीच्या फोनोची लोखंडी सुई तर प्रत्येक बाजूला नवी लावायची असते. झिजलेली सुई म्हणजे रेघांत फिरणारा खिळाच.

आणि अपेक्षा बेताची ठेवा. धुण्याने धूळ जाते, ओरखडे जात नाहीत. थोडी खरखर राहणारच.

हे सगळं शिकल्यावर मी उरलेल्या तीस रेकॉर्डी स्वच्छ केल्या. एका दिवसात नाही, रोज दुपारी चार-पाच, तीही सासूबाईंना शेजारी बसवून. मग कळलं की मी आधीच त्यांना विचारायला हवं होतं. कोणती रेकॉर्ड कोणी दिली, कोणती कशाची, सगळं त्यांना पाठ होतं. एकेक तबकडी पुसताना त्या सांगत गेल्या. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण चाकणच्या त्यांच्या घराबद्दल एवढं मी कधी ऐकलं नव्हतं.

रेडिओवाल्या काकांनी सासऱ्यांचा जुना प्लेयर चालू करून दिला. पहिल्यांदा काय लावायचं, असं मी विचारलं. सासूबाईंनी तीच बिघडलेली तबकडी काढली.

"आई, ती तर मी घालवली," मी म्हटलं.

"अगं, एकच बाजू पुसली होतीस ना? दुसरी आहे की," त्या म्हणाल्या आणि तबकडी उलटी केली.

खरखरत का होईना, गाणं लागलं. त्या डोळे मिटून बसल्या होत्या. संपल्यावर म्हणाल्या, "दादा चावी द्यायचे ना, तेव्हा मोजून द्यायचे. आम्ही पोरं बरोबर मोजायचो."

तर मैत्रिणींनो, या दिवाळीत माळ्यावरून रेकॉर्डी खाली आल्या तर भंगारवाल्याला हाक मारायच्या आधी दोन गोष्टी करा. ती लाखेची की प्लास्टिकची, ते पाहा. आणि ती ज्यांची आहे ते घरात असतील, तर फडकं हातात घेण्याआधी त्यांना शेजारी बोलवा. तुमच्या घरी काय काय निघालं, तेही जरूर कळवा.