खप, डंका आणि अभिजातता

जे फार खपले ते थोर, आणि जे थोर ते अभिजात, असा एक सोयीस्कर न्याय व्हिडिओ गेमच्या जगात रूढ झालेला दिसतो. आमच्या मते हा न्याय नव्हे, न्यायाभास होय.

'डाँकी काँग कंट्री' हेच उदाहरण घ्यावे. इंग्लंडातील रेअर कंपनीने हा खेळ रचिला व जपानच्या निंटेंडोने नोव्हेंबर १९९४ मध्ये तो विक्रीस आणिला. सिलिकॉन ग्राफिक्सच्या संगणकांवर घडविलेली त्याची चित्रे पाहून डोळे दिपतात, हे आम्ही नाकारीत नाही. त्याचे संगीतही श्रवणीय आहे. परंतु हा झगझगीत पडदा दूर सारिला असता आत काय उरते? धावावे, उडी मारावी, केळी वेचावी, पिंपे फेकावी! ही वाट 'सुपर मारिओ ब्रदर्स'ने १९८५ मध्येच पाडून ठेविली होती.

मग एवढा गाजावाजा कशाने झाला? निंटेंडोने स्वतःच्याच 'निंटेंडो पॉवर' मासिकाच्या वर्गणीदारांस, खेळ बाजारात येण्यापूर्वीच, त्याची थोरवी गाणारी व्हिडिओ टेप घरपोच धाडिली. विक्रेता तोच, मासिकाचा मालक तोच आणि भाटही तोच! वरपक्षानेच पत्रिका मांडून छत्तीस गुण जुळवावेत, तसलाच हा प्रकार. खेळ हाती पडण्याआधीच बालमनात मत तयार झाले. आणि बालपणीचे कौतुक पुढे प्रौढपणी अभिजाततेचे नाव धारण करिते.

कोणी विचारील, ९० लाखांहून अधिक प्रती घेणारे लोक का मूर्ख होते? मुळीच नव्हेत. पण खप हा खरेदीचा कौल आहे, आणि खरेदी खेळण्याच्या आधी होत असते.

उलट 'टेट्रिस' पाहा. १९८४ मध्ये मॉस्कोत अलेक्सेय पाजित्नोव यांनी तो रचिला. जाहिरात नाही, देखणी चित्रे नाहीत. चार-चार चौकोनांचे ठोकळे तेवढे. तरी तो फ्लॉपींवरून या हातातून त्या हातात पसरला. १९८९ मध्ये गेम बॉयबरोबर त्यासही व्यापाऱ्याचे बळ लाभले, हे खरे. पण त्याची गोडी तत्पूर्वीच सिद्ध झाली होती.

मुलांसाठी पैसे मोजणाऱ्या वडीलधाऱ्यांनी आणि समीक्षक म्हणविणाऱ्यांनीही एकच कसोटी लावावी: डोळे दिपण्याचे थांबल्यावर हात पुन्हा त्या खेळाकडे वळतो काय? वळत असेल तरच त्यास अभिजात म्हणावे. एरवी ती केवळ यशस्वी जाहिरात होय.