रानच्या लेकराला घरचे दूध नको

उसाची तोड सुरू झाली की दरवर्षी कोठून ना कोठून बातमी येते, फडात बिबट्याची पिल्ले सापडली. मांजरीएवढी, धड डोळेही न उघडलेली ती पिल्ले पाहून कोणाच्याही पोटात कालवते. कोणी त्यांना गोणपाटात गुंडाळतो, कोणी म्हशीचे दूध आणतो, पोरे मोबाइलवर फोटो काढू लागतात. हे सारे दयेपोटीच होते. तरीही आम्ही स्पष्ट म्हणतो की, ही दया त्या पिल्लांच्या जिवावर उठते, आणि कधीकधी माणसाच्याही.

पिल्ले दिसली म्हणजे ती आईने टाकली असे नव्हे. मादी शिकारीला गेलेली असते, किंवा कोयत्यांचा आवाज ऐकून शेजारच्या फडात दबून बसलेली असते. तिला ऊस म्हणजे रानच. दाट आडोसा, जवळ पाणी, गावाकडेला कुत्री व डुकरे. ती एका वेळी दोन-तीन पिल्ले देते आणि दीड-दोन वर्षे त्यांना जवळ ठेवून शिकार शिकवते. माणसाच्या हातून वाढलेल्या पिल्लाला हे शिक्षण मिळत नाही. शिवाय माणसाचे भय मोडते. मग त्याला रानात सोडता येत नाही व उरलेले सारे आयुष्य पिंजऱ्यात जाते. इकडे पिल्ले हरवलेली मादी त्याच फडाभोवती फिरत राहते, आणि पहाटे त्याच फडात तोडणीची टोळी उतरते!

यावर उपाय आहे, आणि तो जुन्नरच्या शेतकऱ्यांनी पाहिला आहे. पुणे जिल्ह्यातील जुन्नर तालुक्यात माणिकडोह येथे वनखात्याचे बिबट्या निवारा केंद्र आहे. तेथील डॉक्टर पिल्ले तपासतात आणि संध्याकाळी सापडल्या जागीच उघड्या खोक्यात ठेवतात. तेवढ्या तुकड्यातील तोड थांबते, माणसे दूर होतात, कॅमेरा लावला जातो. रात्री मादी येते व एकेक पिल्लू तोंडात धरून नेते. शेतकऱ्याचे जाते ते एका दिवसाचे काम. मुकादम व कारखान्याने तेवढी सवड द्यावयास हवी, असे आमचे मत आहे.

जखमी जनावराची सेवाही याच तत्त्वावर चालते. उपचार एवढेच करावयाचे की त्याला परत रानात जाता यावे. म्हणून चांगल्या केंद्रात जनावराचे लाड होत नाहीत. पिंजऱ्याला हिरवे कापड लावतात, बघ्यांना मज्जाव असतो, खाणे टाकणारा माणूसही शक्यतो दिसू देत नाहीत. आपल्या गोठ्यातील गाय हात फिरवल्याने शांत होते. रानजनावर त्याच हाताने घाबरून अर्धमेले होते. हरणासारखे प्राणी तर जखमेने नव्हे, धसक्याने मरतात.

बरे झालेले जनावर लांबच्या जंगलात सोडा, अशी मागणी गावोगाव होते. ती समजण्यासारखी आहे, पण ती उलटते. २००१ ते २००३ या काळात जुन्नर भागात बिबटे मोठ्या संख्येने पकडून दूर नेऊन सोडले गेले. विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध केला. जेथे बिबटे सोडले, त्या जंगलांच्या आसपास माणसांवरील हल्ले वाढले होते. आपले संकट शेजाऱ्याच्या दारी नेऊन सोडणे हा उपाय नव्हे.

आता आपल्या खानापूर-चंदगड पट्ट्याकडे वळू. येथे जखमी जनावर सापडते ते बहुधा फासकीत किंवा विहिरीत. फासकी लावलेली असते रानडुकरासाठी. एका रात्रीत उपसलेला भुईमूग ज्याने पाहिला आहे, त्याचा राग आम्हांस कळतो. परंतु तारेला डुक्कर आणि बिबट्या यांतला भेद कळत नाही, चरायला सुटलेले वासरूही कळत नाही. कंबरेत रुतलेली तार मांस आतून मारते. वरून जखम लहान दिसते आणि सुटलेले जनावर काही दिवसांनी मरते. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने फासकी लावणे हा गुन्हा आहेच. नुकसानीचा पंचनामा करून भरपाई मागण्याचा मार्ग कटकटीचा खरा, पण एकट्याने न जाता दहा जणांनी मिळून अर्ज केला तर त्याची दखल घ्यावी लागते. विहिरीला कठडा बांधला तर बिबट्याही वाचतो, वासरूही वाचते आणि खेळणारे पोरही.

जखमी जनावर दिसल्यास एवढे करावे. लोकांना दूर ठेवावे व वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. तार स्वतः तोडू नये. तोंडात पाणी ओतू नये, ते फुप्फुसात जाते. पक्षी असल्यास कापड टाकून उचलावा, भोके पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवावा, खायला घालू नये. घुबडाचे पडलेले पिल्लू धडधाकट असेल तर ढोलीत परत ठेवावे. तेच उद्या शेतातले उंदीर खाणार आहे. रानजनावर ताब्यात आले तर ४८ तासांच्या आत वनखात्यास किंवा पोलिसांस कळवणे कायद्याने बंधनकारक आहे.

आपल्या आरोग्यासाठीही हात आवरणे बरे. कोल्हा, मुंगूस किंवा माकड चावले तर जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करावी. मेलेल्या माकडाला तर हात लावूच नये. गोचिडींमधून पसरणारा माकडताप १९५७ साली शिवमोग्गा जिल्ह्यात प्रथम आढळला, आणि २०१५ साली सत्तरी तालुक्यात त्याने माणसे आजारी पडली. रानात माकडे मरू लागली की आरोग्यकेंद्रास कळवावे. काजूच्या बागेत जाऊन आल्यावर एकाएकी ताप व जबर डोकेदुखी झाली तर अंगावर काढू नये.

ज्या भागातील निवारा केंद्रात पिंजरे रिकामे, तो भाग सुखी, असे आम्ही मानतो. ते काम केंद्रातल्या डॉक्टरांच्या हातचे नाही, बांधावरच्या माणसांच्या हातचे आहे. येत्या रविवारी मिस्सा सुटल्यावर घोळका जमेल, तेव्हा पिकापाण्याच्या गोष्टींबरोबर एवढे ठरवावे: कोणाच्या विहिरीला कठडा नाही, आणि तो कोणाच्या मदतीने पावसापूर्वी बांधून होईल.