अंगठ्याआधी

वनहक्क नियमांत २०१२ साली दुरुस्ती झाली: ग्रामसभेला निम्मं गाव हवं, हजर असलेल्यांत एकतृतीयांश बाया. आम्ही कार्यकर्त्या डोकी मोजतो, खूश होतो. ठराव मराठीत, बाई गोंडी बोलणारी. अंगठा उठला की संमती झाली!

गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने अभ्यासगटात आधी विषय समजून घेतला, मग सर्वसहमतीने ठरवलं. तिथे एकीचा नकारही निर्णय थांबवतो. २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर त्यांचा सामूहिक हक्क मान्य झाला.

पण मैत्रिणींनो, सभेत ‘नाही’ म्हणालेल्या बाईला रात्री घरी मार बसणार नाही, याची तजवीज कोणी केली? मी तरी नाही. पुढच्या ग्रामसभेआधी बायांची वेगळी बैठक लावू या, गोंडीत; आणि मोहफुलं वेचून झाल्यावर.