पलंगाखालचे गठ्ठे



गेल्या उन्हाळ्यात अंबड तालुक्यातल्या एका गावी बचत गटाच्या बैठकीला गेले होते. बैठक संपल्यावर गटातल्या एका अंगणवाडी ताईंनी थांबवून घेतलं. चहा झाला आणि त्यांनी पलंगाखालून सुतळीनं बांधलेले गठ्ठे ओढून काढले. त्यांच्याच कवितांचं पुस्तक होतं. पाचशे प्रती छापल्या होत्या, त्यातल्या चारशेच्या वर तशाच पडून होत्या. खालच्या गठ्ठ्याला ओल लागली होती. "ताई, पुस्तक छापलं खरं, पण दुकानात कुठंच नाही. लोक विचारतात, मिळतं कुठं? काय सांगू त्यांना?"

छपाईचे चाळीस हजार रुपये त्यांनी गटाकडून कर्ज काढून भरले होते. 'दुकानांत आम्ही लावू' हे प्रकाशकाचं बोलणं तोंडी होतं. कागद म्हणून हाती होती ती फक्त पैशांची पावती. कर्जाचे हप्ते अजून चालू आहेत.

त्या पुस्तकाच्या प्रकाशनाला मी हजर होते. शाल-श्रीफळ दिलं, भाषण केलं, सही केलेली प्रत भेट म्हणून घेतली आणि घरी आले. पैसे मोजून एकही प्रत घेतली नाही. गठ्ठे पाहताना मला आधी याचीच लाज वाटली.

शिबिरांत आपण बायकांना 'बोला, लिहा' म्हणतो. एखादी खरंच लिहिते, घरातली रात्रीची कामं उरकून लिहिते. पुढं ते पुस्तक वाचणारीच्या हाती पोचवण्याचं काम मात्र आपण तिच्या एकटीवर सोडतो. ही आपल्या चळवळीची उणीव आहे आणि ती जुनी आहे.

जाफराबाद ओलांडलं की बुलढाणा जिल्हा लागतो. त्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचं 'स्त्री-पुरुष तुलना' १८८२ साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यातून निघालं. प्रती पाचशे, किंमत नऊ आणे. पुस्तकावर झोड उठली. जोतीराव फुल्यांनी 'सत्सार'मधून त्यांची बाजू घेतली. पण पुढं पुस्तक दिसेनासं झालं आणि ताराबाईंचं दुसरं पुस्तक आलंच नाही. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापून आणलं, तोवर त्र्याण्णव वर्षं उलटली होती. एवढ्या काळात कितीजणींनी तेच प्रश्न मनाशी विचारले असतील, आणि आपणच पहिल्या असं समजून गप्प बसल्या असतील! पुस्तक फळीवरून गेलं की पुढच्या बाईला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. म्हणून हा प्रश्न एका ताईंच्या चारशे प्रतींपुरता नाही.

दुकानदार पुस्तक का ठेवत नाही? त्याला दोष देण्याआधी त्याचं गणितही समजून घेऊ. तालुक्याच्या गावचं दुकान पाठ्यपुस्तकं, गाईड, वह्या आणि स्पर्धा परीक्षेची पुस्तकं यांवर चालतं. अनोळखी कवयित्रीचं पुस्तक तो फार तर 'विकलं तर पैसे, नाही तर परत' या बोलीवर घेतो. आपल्या ताईंच्या पुस्तकाची किंमत दीडशे रुपये. दुकानदारानं चाळीस टक्के कमिशन घेतलं तर ताईंच्या हाती नव्वद येतात. छपाईला प्रतीमागे ऐंशी गेलेले. वितरक मधे आला आणि कमिशन निम्म्यावर गेलं तर पंचाहत्तर येतात, म्हणजे विकलेल्या प्रत्येक प्रतीमागे पाच रुपये तोटा! हा हिशोब छापण्याआधी कुणीतरी त्यांच्यासोबत बसून मांडायला हवा होता. तो आपल्या गटांपैकी कुणालाही मांडता आला असता.

शिवाय पुस्तक ठेवून आलं की काम संपत नाही. दर दोन-तीन महिन्यांनी जायचं, किती विकलं विचारायचं, पैसे मागायचे. पुरुष लेखक हे काम बाजारहाटासोबत उरकतो. बाईला त्यासाठी रजा, बसभाडं आणि घरच्यांची परवानगी लागते. वसुलीला ती दोनदा गेली नाही की तिची पुस्तकं मागच्या फळीवर जातात.

यावर आपण काय करू शकतो?

पहिलं, छापण्याआधी लेखी करार. प्रती किती, कोण कुठं पोचवणार, हिशोब कधी देणार, हक्क कुणाचे, हे सगळं कागदावर हवं. आता शंभर-दोनशे प्रतीही छापून मिळतात, एकदम पाचशेचा बोजा घ्यायला नको. आयएसबीएन क्रमांक आपल्या देशात मोफत मिळतो, लेखिका स्वतः अर्ज करू शकते. त्यासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका.

दुसरं, दुकानात एकदम पन्नास प्रती टाकू नयेत. पाच ठेवाव्यात, तारीख घालून दुकानदाराच्या सहीची पोच घ्यावी. आणि दुकानात जाऊन ते पुस्तक मागायचं काम आपण वाचणाऱ्यांनी करावं. गिऱ्हाईक मागतं ते दुकानदार मागवतो.

तिसरं, सार्वजनिक ग्रंथालयं. १९६७ च्या कायद्यानं मान्यता मिळालेल्या ग्रंथालयांना सरकारी अनुदान मिळतं, त्यातून पुस्तकंही घ्यायची असतात. ग्रंथालय संचालनालयाच्या शासनमान्य यादीसाठी पुस्तक पाठवता येतं. आपल्या गावच्या ग्रंथालयाच्या कार्यकारिणीत बाई आहे का, एवढं जरी प्रत्येक गटानं पाहिलं तरी फरक पडेल.

चौथं, दुकान म्हणजेच बाजार असं समजू नये. १२ जानेवारीला सिंदखेड राजाला, ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर, धम्मचक्र प्रवर्तन दिनी नागपूरला पुस्तकं विकत घेणारी गर्दी आपण पाहिली आहे. जमिनीवर चादर अंथरून मांडलेली पुस्तकं पोटाला चिमटा काढून घेतली जातात. फुले-आंबेडकरी साहित्य असंच घरोघर गेलं. राजस्थानातल्या पंचाहत्तर खेडूत बायकांनी मिळून 'शरीर की जानकारी' हे पुस्तक केलं, ते दिल्लीच्या 'काली फॉर विमेन' या १९८४ साली निघालेल्या स्त्रियांच्या प्रकाशनानं छापलं, आणि त्या बायकांनीच ते सवलतीच्या दरात गावोगाव विकलं. आपल्याकडे मुंबईच्या 'स्त्री उवाच'नं १९८९ साली ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं 'आम्हीही इतिहास घडवला' काढलं. बायकांनी बायकांसाठी ही वाट आधी पाडून ठेवली आहे.

टपालाचंही सांगते. पुस्तकांची जुनी स्वस्त रजिस्टर्ड सेवा डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली. १ मे २०२५ पासून टपाल खात्यानं 'ज्ञान पोस्ट' सुरू केली आहे. पोस्टात नावानं विचारा.

आमच्या कार्यालयातलं कपाट मी परवा उघडून पाहिलं. अहवाल होते, पुण्या-मुंबईच्या मैत्रिणींची पुस्तकं होती. जालना जिल्ह्यातल्या बाईचं पुस्तक एकच निघालं, आणि ते भेट मिळालेलं. म्हणून गटानं ठरवलं आहे की आठही तालुक्यांतल्या आपल्या केंद्रांवर एकेक फळी जिल्ह्यातल्या लेखिकांसाठी ठेवायची. प्रत्येक पुस्तकाच्या दोन प्रती पूर्ण किंमत देऊन घ्यायच्या, कमिशन कापायचं नाही. मेळाव्याला भेट म्हणून नारळाऐवजी ही पुस्तकं द्यायची.

तुमच्या गावात, नात्यात, गटात कुणाचं पुस्तक पलंगाखाली, माळ्यावर पडलं असेल तर नाव, किंमत आणि शिल्लक प्रती कळवा. अंबडच्या ताईंपासून सुरुवात करतो आहोत. किती प्रती गेल्या आणि त्यांच्या हाती किती रुपये पडले, त्याचा हिशोब पुढच्या अंकात याच पानावर देऊ.