वकिलाची पायरी केव्हा चढावी?



“शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये” ही म्हण घरोघरी ऐकू येते. म्हण काही खोटी नाही. दिवाणी दावा एकदा लागला की तारखा पडत जातात, पेरणी-सवंगणीचे दिवस मोडतात आणि दोन भावांची घरे एकमेकांना कायमची तुटतात. पण पुष्कळ लोक या म्हणीचा अर्थ असा घेतात, की वकिलाचेही तोंड पाहू नये. येथेच चूक होते. कोर्ट निराळे आणि वकिलाचा सल्ला निराळा. कोर्टाची पायरी टाळायची असेल, तर काही वेळा वकिलाची पायरी आधी चढावी लागते.

मी शेती खात्याचा माणूस, वकील नव्हे. पण आमचे घर नागपुरात महालात असल्यामुळे काटोल, उमरेड, कुही, मौदा भागातून सिव्हिल लाइन्सच्या कोर्टात तारखेला आलेले ओळखीचे कास्तकार परतताना डोकावून जातात. त्यांच्या पिशवीतले कागद पाहिले की एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. हक्क खरा असतो, पण मुदत निघून गेलेली असते, नाही तर न वाचता सही झालेली असते. म्हणून आज कापसाची बोंडअळी बाजूला ठेवून या विषयावर लिहितो आहे.

वकिलाशिवाय होणारी कामे

वारसाची नोंद, सातबारातील नावाची किंवा आकड्याची लेखनाची चूक, शेताची सरकारी मोजणी, सर्वांच्या संमतीने वाटणी, या कामांना वकील लावण्याची गरज नसते. वारसाचा अर्ज पटवाऱ्याकडे द्यावा. सरकारी कागदावर त्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. जमिनीत नवा हक्क मिळाला की तीन महिन्यांच्या आत कळवावे, असे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ सांगते. लेखनाची चूक कलम १५५ प्रमाणे तहसीलदार दुरुस्त करतात. मोजणीचा अर्ज तालुक्याच्या भूमि अभिलेख कार्यालयात होतो. भाऊ-बहिणी सगळे राजी असतील, तर वाटणी कलम ८५ प्रमाणे तहसीलदाराकडून करून घेता येते.

मात्र अर्ज तोंडी करू नये. कागदावर द्यावा, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी आणि ती पोच घरात जपून ठेवावी.

वाट अडवली तर

पत्रांत सर्वांत जास्त प्रश्न वाटेचे असतात. “वीस वर्षांपासून आमची बंडी ज्या धुऱ्यावरून जाते, तो शेजाऱ्याने काटे टाकून बंद केला. काय करावे?”

चालू वाट अडवली, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली तहसीलदाराकडे दाद मागता येते. पण ही दाद वाट अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत मागितली पाहिजे. आपले लोक काय करतात? आधी पोळ्यापर्यंत वाट पाहतात, मग दिवाळीपर्यंत, मग गावच्या चार माणसांना बसवतात आणि सहा महिने निघून जातात. चार माणसे जरूर बसवावीत, पण अर्जही देऊन ठेवावा. समेट झाला तर अर्ज मागे घेता येतो. गेलेली मुदत मात्र परत आणता येत नाही.

शेताला मुळात वाटच नसेल, तर संहितेच्या कलम १४३ प्रमाणे धुऱ्यावरून वाट मागावी. या कलमाखालचा तहसीलदाराचा निर्णय मान्य नसेल, तर एक वर्षाच्या आत दिवाणी दावा करता येतो. तेथे मात्र वकील हवा.

आपल्या विदर्भाच्या वाचकांसाठी आणखी एक गोष्ट. मालगुजारीच्या काळी महसुलाच्या भाषेत इस्टेटीलाही ‘महाल’ म्हणत. ती मालगुजारी ३१ मार्च १९५१ पासून संपली, पण त्या काळापासून चालत आलेले दोन कागद आजही उपयोगी पडतात. एक निस्तार पत्रक, दुसरा वाजिब-उल-अर्ज. संहितेच्या कलम १६१ आणि १६५ मध्ये त्यांना जागा आहे. गावची वहिवाटीची वाट, पाण्याचा हक्क वाजिब-उल-अर्जात लिहिलेला असतो. वाटेचे भांडण असेल, तर आधी या कागदाची नक्कल काढावी. पुष्कळदा भांडण तेथेच मिटते.

बहिणीची सही

एका भगिनीने लिहिले आहे, “बाबा वारले. भाऊ म्हणतो, तहसीलला एक सही लागते, येऊन जा. कागद कशाचा ते सांगत नाही. सही करू की नको?”

ताई, कागद वाचल्याशिवाय सही करू नका. भावावर अविश्वास दाखवा असे मी म्हणत नाही. पण तो कागद हक्कसोडपत्र असू शकतो. हिंदू वारसा कायद्यात ९ सप्टेंबर २००५ पासून जी दुरुस्ती झाली, तिने वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच जन्मतः हक्क दिला. त्या तारखेला वडील हयात असलेच पाहिजेत असे नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केले. लग्न झाले म्हणून हा हक्क जात नाही.

हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावे लागते. नुसत्या साध्या कागदावरच्या किंवा नोटरीच्या शिक्क्याच्या सहीने जमिनीचा हक्क सुटत नाही. परंतु एकदा नोंदणी झाली, की तो कागद पक्का. पुढे फसवणूक झाल्याचे लक्षात आले, तर ते कळल्यापासून तीन वर्षांच्या आत दावा करून फसवणूक सिद्ध करावी लागते. ते काम कठीण आहे. भावाला हिस्सा खुशीने द्यायचा असेल तर अवश्य द्या, पण काय देतो आहोत हे समजून द्या.

तुमचे नाव न घालता वारसाचा फेरफार टाकला असेल, तर नोटिशीच्या पंधरा दिवसांत पटवाऱ्याकडे लेखी हरकत द्या. फेरफार मंजूर होऊन गेला असेल, तर साठ दिवसांच्या आत उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील होते. आणि हे सर्वांनी ध्यानात ठेवावे, की फेरफाराने मालकी येत नाही आणि जातही नाही. सातबाराची नोंद खरी धरून चालतात, ती उलट सिद्ध होईपर्यंतच. मालकीचा वाद शेवटी दिवाणी न्यायालयात सुटतो.

कर्जापोटी खरेदीखत

लग्नासाठी, दवाखान्यासाठी पैसा लागतो. देणारा म्हणतो, “गहाणखत कशाला? खरेदीखत करून दे. पैसे फेडले की वावर परत लावून देईन.” बोलणे गोड असते आणि गरज मोठी असते. पण कागदावर विक्री लिहिली असताना ते कर्ज होते, असे तोंडी सांगितले तर कोर्टात सहसा टिकत नाही. परत देण्याची अट त्याच खरेदीखतात लिहिलेली नसेल, तर कायदा त्याला गहाण समजत नाही. वेगळ्या चिठ्ठीवर लिहून घेतलेले वचन येथे कामाला येत नाही.

असा कागद आधीच होऊन गेला असेल, तरी हातपाय गाळू नयेत. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ च्या कलम १८ प्रमाणे, सावकारी व्यवहारात गेलेल्या जमिनीसाठी जिल्हा निबंधकाकडे अर्ज करता येतो. हा अर्ज सहकार खात्याच्या कार्यालयात द्यावा. अर्जाच्या आधीच्या पंधरा वर्षांतील व्यवहार यात तपासता येतो. चौकशीत तो व्यवहार सावकारीचा ठरला, तर जमीन परत देण्याचा हुकूम होऊ शकतो. पैसे घेतल्याची, व्याज दिल्याची प्रत्येक चिठ्ठी जमवून ठेवावी. अर्ज स्वतः देता येतो, पण कागद एकदा वकिलाला दाखवून मगच द्यावा.

बियाणे उगवले नाही तर

हा माझ्या खात्याचा विषय. बिल, पिशवी आणि पिशवीवरचे लेबल फेकू नये. उगवण झाली नाही की लगेच तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्यावी, म्हणजे तालुक्याची समिती शेतात येऊन पंचनामा करते. पीक मोडून दुबार पेरणी करण्याआधी हा पंचनामा व्हावा. शेतकरी हाही ग्राहकच आहे, तो ग्राहक न्यायालयात जाऊ शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये राष्ट्रीय बीज निगमच्या खटल्यात सांगितले आहे. जिल्हा ग्राहक आयोगात स्वतः तक्रार करता येते, वकील सक्तीचा नाही. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही. मुदत दोन वर्षांची आहे.

त्याच दिवशी वकील गाठावा

आता मूळ प्रश्नाकडे येतो. पुढील प्रसंगी उद्यावर ढकलू नये.

पहिला, कोर्टाचा समन्स आला तर. समन्स घेतला नाही म्हणजे दावा टळतो, हा समज सोडून द्यावा. तारखेला कोणी हजर नसेल, तर एकतर्फी हुकूमनामा होतो. उत्तर देण्यासाठी साधारण तीस दिवस असतात. एकतर्फी हुकूमनामा झालाच, तर तो रद्द करून मागण्यासाठीही तीस दिवसच मिळतात.

दुसरा, जमीन घेण्याआधी किंवा देण्याआधी. इसारचिठ्ठी करण्यापूर्वीच दाखवावी, नंतर नव्हे. इसारचिठ्ठीप्रमाणे खरेदी करून मागायची मुदत तीन वर्षांची असते.

तिसरा, हक्कसोडपत्र, बक्षीसपत्र, मुखत्यारपत्र, कोणाच्या कर्जाला जामीन, यांपैकी कशावरही सही करण्यापूर्वी.

चौथा, आपल्या जमिनीवर दुसऱ्याने ताबा केला तर. बारा वर्षे स्वस्थ बसलात, तर मालक असूनही जमीन हातची जाऊ शकते.

पाचवा, घरातल्या कोणाला अटक झाली तर. अटकेतल्या माणसाला चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभे केले पाहिजे आणि त्याला वकिलाला भेटण्याचा हक्क आहे. हे राज्यघटनेच्या कलम २२ मध्ये आहे.

वकिलाकडे कसे जावे

रिकाम्या हाताने जाऊ नये. सातबारा, आठ-अ, फेरफाराच्या नकला, जुना अधिकार अभिलेख, खरेदीखत आणि मोजणीचा नकाशा बरोबर न्यावा. एका कागदावर तारखेनिशी हकीकत लिहावी. आपल्याला अडचणीची वाटणारी गोष्टही वकिलापासून लपवू नये. डॉक्टरला दुखणे अर्धे सांगून औषध मिळत नाही, तसेच हे.

फी आधी विचारावी, त्यात संकोच कसला? पैसे दिले की पावती मागावी. कोऱ्या कागदावर सही देऊ नये. शक्यतो नकला द्याव्यात आणि अस्सल कागद स्वतःजवळ ठेवावे. “दावा जिंकला तर जमिनीत हिस्सा दे” असा करार वकिलाने करणे नियमाला धरून नाही. काम नीट होत नसेल, तर वकील बदलता येतो आणि फी राहिली म्हणून जुन्या वकिलाला आपले कागद अडवून ठेवता येत नाहीत. दाव्याचा नंबर लिहून ठेवावा. त्यावरून पुढची तारीख घरातला शिकलेला मुलगा किंवा मुलगी मोबाइलवर पाहू शकते.

पैसा नसेल तर

विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग, आपत्तीत सापडलेले आणि अटकेतले लोक यांना वकील फुकट मिळतो. त्यांना उत्पन्नाची अट नाही. इतरांना वर्षाचे उत्पन्न तीन लाख रुपयांच्या आत असेल तर मिळतो. वर पत्र लिहिणाऱ्या ताईंनाही तो मिळेल. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती आणि जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असते. १५१०० या नंबरवर फोन करूनही विचारता येते.

लोकअदालतीत तडजोड झाली, तर भरलेली कोर्ट फी परत मिळते. पण तेथील निवाड्यावर अपील नाही. म्हणून तडजोडीवर सही करण्यापूर्वी एक-एक ओळ वाचून घ्यावी, वाचता येत नसेल तर वाचवून घ्यावी.

पिकावर रोग दिसला की आपण पान तोडून खात्यात आणता. पान लवकर आले तर एका फवारणीत काम भागते, उशिरा आले तर सारे वावर जाते. कागदाचेही तसेच आहे. घरात कोणताही सरकारी किंवा कोर्टाचा कागद आला, की आधी त्यावरची तारीख पाहावी, ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहावी आणि त्याच आठवड्यात जाणत्या माणसाला तो दाखवावा. हे काम घरच्या बाईने अंगावर घेतले, तर ते चुकत नाही असा माझा अनुभव आहे.

आपले प्रश्न पत्राने कळवावेत. पत्रात गाव आणि तालुका लिहावा आणि कागदांच्या नकलाच पाठवाव्यात. अस्सल कागद मात्र पाठवू नयेत.